ब्लूबेरी : पारंपरिक उपयोग आणि आरोग्यविषयक दावे – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

ब्लूबेरी हे मूळचे उत्तर अमेरिकेतील फळ आज जगभर 'आरोग्यदायी फळ' म्हणून विकले जाते. या विक्रीला दोन आधार दिले जातात. पहिला, मूळ अमेरिकी समाजांनी शतकानुशतके त्याचा औषध म्हणून केलेला वापर आणि दुसरा, आधुनिक प्रयोगशाळेचे निष्कर्ष. प्रस्तुत निबंधात या दोन्ही आधारांची ऐतिहासिक तपासणी केली आहे. सतराव्या शतकातील प्रवासवृत्ते, विसाव्या शतकातील वनस्पतिविषयक मानववंशशास्त्रीय नोंदी, लागवडीचा इतिहास आणि १९९० नंतरचे पोषणशास्त्रीय संशोधन एकत्र ठेवून पाहिले असता असे दिसते की, परंपरेत हे फळ प्रामुख्याने अन्न होते. औषधी वापराच्या नोंदी बहुतांशी पाने, फुले व मुळे यांच्या आहेत. तसेच परंपरेचे खरे ज्ञान फळाच्या गुणधर्मांइतकेच भूमीच्या व्यवस्थापनाचे होते, आणि ती भूमीच त्या समाजांच्या हातून गेली.

बीजसंज्ञा : ब्लूबेरी, मूळ अमेरिकी समाज, लोकवनस्पतिशास्त्र, सामाईक भूमी, अँथोसायनिन

१. प्रस्तावना

अन्नाचा इतिहास हा केवळ पाककृतींचा इतिहास नसतो. एखादे फळ कोणी वेचले, कोणाच्या जमिनीवर वेचले, कोणी साठवले आणि कोणी विकले, या प्रश्नांतून त्या समाजाची आर्थिक व सामाजिक रचना उलगडते. बटाटा, मका, मिरची यांचा प्रवास इतिहासकारांनी विस्ताराने मांडला आहे. त्या मानाने ब्लूबेरी हे फळ अभ्यासकांच्या नजरेत उशिरा आले. याचे कारण उघड आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही वनस्पती लागवडीखाली आलेलीच नव्हती. मानवाने हेतुपुरस्सर बागेत आणलेल्या फळांमध्ये ती अत्यंत अलीकडची आहे.

आपल्याकडे हे फळ गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या फळबाजारात आणि मोठ्या दुकानांत नियमितपणे दिसू लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये भारत व अमेरिका यांच्यातील व्यापारविषयक समझोत्यात ताज्या, गोठवलेल्या, सुकवलेल्या व प्रक्रिया केलेल्या ब्लूबेरीवरील आयातशुल्क कमी करण्याचे भारताने मान्य केले. फळाबरोबर त्याची ख्यातीही आयात झाली. स्मरणशक्ती, हृदय, मधुमेह, दृष्टी अशा अनेक बाबतींत ते गुणकारी असल्याचे सांगितले जाते आणि त्यास 'प्राचीन मूळनिवासी ज्ञाना'चा दाखला जोडला जातो. काही ठिकाणी तर आपल्या जांभळालाच भारतीय ब्लूबेरी म्हटले जाते. वास्तविक जांभूळ हे मिर्टेसी कुलातील मोठ्या वृक्षाचे फळ आहे, तर ब्लूबेरी एरिकेसी कुलातील झुडपाचे. रंगाचे साम्य सोडल्यास या दोहोंत वनस्पतिशास्त्रीय नाते नाही.

परंपरेचा दाखला हा मुळात इतिहासाचा दाखला असतो. म्हणून तो तपासण्याची जबाबदारीही इतिहासाच्या अभ्यासकावर येते. प्रस्तुत निबंधात पुढील तीन प्रश्नांचा विचार केला आहे : (१) मूळ अमेरिकी समाज ब्लूबेरीचा नेमका कोणता उपयोग करीत होते? (२) रानातील फळ बाजारातील फळ कसे झाले आणि त्या प्रक्रियेत कोणाचा वाटा होता? (३) आजचे वैज्ञानिक निष्कर्ष आणि परंपरा यांचा परस्परसंबंध कितपत आहे?

२. वनस्पती आणि तिची भूमी

ब्लूबेरीचा समावेश व्हॅक्सिनियम या प्रजातीत होतो. उत्तर अमेरिकेत तिचे दोन प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला 'ठेंगणा' प्रकार (व्हॅक्सिनियम अँगस्टिफोलियम). हे झुडूप जमिनीलगत पसरते, साधारणतः गुडघ्याच्याही खाली राहते आणि कॅनडाचा पूर्व भाग, मेन व ग्रेट लेक्सचा परिसर येथे आढळते. दुसरा 'उंच' प्रकार (व्हॅक्सिनियम कोरिम्बोसम) माणसाच्या उंचीइतका किंवा त्याहून अधिक वाढतो. तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दलदलीच्या प्रदेशात मुबलक आहे. युरोपात याच प्रजातीतील बिलबेरी (व्हॅक्सिनियम मिर्टिलस) ही वनस्पती आढळते. बिलबेरीचा गर आतूनही गडद जांभळा असतो, तर ब्लूबेरीचा गर फिकट असतो. हा भेद पुढे आरोग्यविषयक दाव्यांच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

या वनस्पतीला आम्लधर्मी, वालुकामय व नापीक समजली जाणारी जमीन लागते. जेथे गहू किंवा मका पिकत नाही अशा ओसाड माळावर ती जोमाने वाढते. ठेंगण्या प्रकाराचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याचे भूमिगत खोड. जमिनीवरील भाग आगीत जळाला तरी खालचे खोड जिवंत राहते, त्यातून नवे कोंब फुटतात आणि पुढील हंगामात भरपूर फळ येते. आगीमुळे सावली करणारी इतर झाडे नाहीशी होतात. ग्रेट लेक्स परिसरातील अनिशिनाबे आणि ईशान्येकडील वाबानाकी समूहांना ही गोष्ट चांगलीच ठाऊक होती. ते विशिष्ट काळात माळ जाळून फळाचे क्षेत्र राखीत असत. म्हणजेच युरोपीय प्रवाशांना जे 'रान' वाटले, त्यातील बराच भाग मानवी देखभालीखालील भूमी होती. नांगर फिरलेला नव्हता म्हणून तेथे शेती नव्हती असा समज झाला, आणि शेती नव्हती म्हणून मालकी नव्हती असा सोयीस्कर निष्कर्ष काढण्यात आला.

अनिशिनाबे समाजाच्या ओजिब्वे भाषेत ब्लूबेरीस 'मीन' म्हणतात. स्ट्रॉबेरीसाठीच्या 'ओदेइमिन' आणि रानभातासाठीच्या 'मनोमिन' या शब्दांतही हेच पद दिसते. कालगणनेतील एका उन्हाळी महिन्यासही या फळाचे नाव आहे. ज्या फळाचे नाव इतर फळांच्या व धान्यांच्या नावांत शिरते आणि महिन्यालाही दिले जाते, ते त्या समाजाच्या जीवनक्रमात किती खोलवर रुजलेले असेल याची कल्पना येते.

३. सतराव्या शतकातील नोंदी : हिवाळ्याचे अन्न

लेखी साधनांमध्ये फ्रेंच व इंग्रज प्रवाशांची वृत्ते सर्वांत जुनी होत. सॅम्युएल द शाँप्लँ हा फ्रेंच प्रवासी १६१५ मध्ये ओटावा नदीमार्गे ह्यूरन सरोवराकडे गेला. वाटेतील लोक ही छोटी निळी फळे मोठ्या प्रमाणावर वेचून हिवाळ्यासाठी सुकवीत असल्याची नोंद त्याने केली. त्यानंतर १६२३-२४ मध्ये ह्यूरन लोकांमध्ये राहिलेल्या गॅब्रिएल सगार या धर्मोपदेशकाने आपल्या १६३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अधिक तपशील दिला आहे. ह्यूरन लोक या फळास 'ओहेंताके' म्हणत. ते हिवाळ्यासाठी सुकवून ठेवीत, मक्याच्या पेजेला चव यावी म्हणून तिच्यात घालीत, राखेत भाजावयाच्या छोट्या भाकऱ्यांमध्ये मिसळीत आणि आजारी माणसास गोड खाऊ म्हणून देत, असे तो सांगतो.

न्यू इंग्लंडच्या दक्षिण भागातील नॅरॅगॅन्सेट समाजाविषयी रॉजर विल्यम्सने १६४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक ग्रंथात अशीच माहिती आहे. हे लोक फळे सुकवून वर्षभर जपत, त्यांची पूड करून ती भाजलेल्या मक्याच्या पिठात मिसळीत आणि त्यापासून 'सॉटॉथिग' नावाचा पदार्थ बनवीत. हा पदार्थ त्यांना अतिशय प्रिय होता. जॉन जॉसेलिन याने १६७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यू इंग्लंडविषयक पुस्तकात या फळाचा सरबत वा मुरांब्याच्या स्वरूपात तापातील दाह कमी करण्यासाठी उपयोग सांगितला आहे. शिवाय मूळ रहिवासी फळे उन्हात सुकवून बुशेलच्या मापाने इंग्रजांना विकतात आणि इंग्रज ती मनुकांच्या ऐवजी पुडिंगमध्ये घालतात, असेही तो नमूद करतो.

या चार नोंदी बारकाईने वाचल्या असता काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, सर्व लेखकांनी भर दिला आहे तो सुकवण्यावर. उत्तरेकडील दीर्घ हिवाळ्यात ताजे अन्न मिळत नसे. त्या काळात साठवलेले फळ म्हणजे उष्मांक, चव आणि वैविध्य यांचा आधार होता. दुसरी, ब्लूबेरी एकटी खाल्ली जात नसून मक्याच्या पिठाबरोबर शिजवली जात होती. तिसरी, जॉसेलिनच्या काळात हे फळ विनिमयाचे साधन बनले होते. मूळ अमेरिकी स्त्री-पुरुष व मुले केवळ स्वतःपुरते वेचत नव्हती, तर वसाहतवाद्यांचे स्वयंपाकघरही पुरवीत होती. चौथी, आरोग्याशी संबंधित उल्लेख दोनच आहेत. सगारच्या नोंदीतील आजाऱ्याचा गोड खाऊ हा आपल्याकडील पथ्याच्या अन्नासारखा आहे. जॉसेलिनचा तापावरील उपयोग मात्र साखर, सरबत व मुरांबा यांच्या युरोपीय वैद्यकपरंपरेत बसणारा आहे. तो मूळ अमेरिकी परंपरेचा म्हणून सांगणे योग्य ठरणार नाही.

येथे पेमिकनचाही उल्लेख करावयास हवा. सुकवलेले मांस कुटून त्यात चरबी मिसळून केलेला हा टिकाऊ पदार्थ मैदानी प्रदेशातील समाजांत व पुढे फर व्यापारात महत्त्वाचा होता. त्यात सरसकट ब्लूबेरी असे, असे अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात पश्चिमेकडील मैदानी प्रदेशात त्यासाठी मुख्यतः सॅस्कॅटून या निराळ्या फळाचा उपयोग होई. ब्लूबेरी जेथे उपलब्ध होती तेथेच ती वापरली जात असे.

४. औषधी उपयोगांच्या नोंदी

मूळ अमेरिकी समाजांच्या वनस्पतिज्ञानाची पद्धतशीर नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत झाली. त्या वेळी अनेक समाज आपल्या भूमीवरून हटवले गेले होते आणि त्यांची मुले निवासी शाळांत धाडली जात होती. परंपरा नष्ट होण्यापूर्वी टिपून ठेवावी या भूमिकेतून अभ्यासक काम करीत होते. फ्रान्सिस डेन्समोर यांचा चिपेवा (ओजिब्वे) समाजाच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९२८ मध्ये, तर ह्यूरन स्मिथ यांचा ओजिब्वे लोकवनस्पतिशास्त्रावरील ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथांमध्ये ठेंगण्या ब्लूबेरीचे औषधी उपयोग आढळतात. वाळवलेली फुले तापलेल्या दगडांवर टाकून त्यांचा धूर मनोविकाराच्या रुग्णास हुंगावयास देत, असे डेन्समोर यांनी नोंदवले आहे. पानांचा काढा रक्तशुद्धीसाठी घेतला जाई, असे स्मिथ यांनी म्हटले आहे. इतर समाजांविषयीच्या नोंदींतही पाने, मुळे अथवा संपूर्ण वनस्पती यांचे काढे प्रामुख्याने दिसतात. फळ मात्र याच ग्रंथांत अन्नाच्या प्रकरणात येते.

हा तपशील क्षुल्लक नाही. आज बाजारात जे विकले जाते ते फळ, फळाचा रस किंवा फळाची पूड असते, आणि आधार मात्र पानाफुलांच्या उपयोगाचा दिला जातो. एका अवयवाविषयीचे ज्ञान दुसऱ्या अवयवावर लादणे हे परंपरेचा आदर करणे नव्हे. ज्यांनी पान, फूल, मूळ आणि फळ यांचे स्वतंत्र उपयोग ठरवले होते, त्यांच्या वर्गीकरणाची सूक्ष्मता त्यामुळे पुसली जाते. अर्थात अन्न व औषध यांच्यातील भिंत त्या समाजांत आजच्याइतकी पक्की नव्हती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु भिंत पातळ असणे आणि भिंत नसणे या भिन्न गोष्टी आहेत.

५. मोकळे माळ ते खासगी मालकी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यू इंग्लंडमध्ये ब्लूबेरी व हकलबेरीची माळराने सर्वांना खुली असत. जमीन कोणाचीही असो, फळ वेचण्यास सहसा मज्जाव नसे. हेन्री डेव्हिड थोरो याने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रानफळांवर विस्तृत लेखन केले. तो १८६२ मध्ये निवर्तला, आणि हे हस्तलिखित ग्रंथरूपाने २००० मध्ये प्रकाशित झाले. फळांची राने खासगी होऊन वेचणाऱ्यांना मनाई होऊ लागल्याची खंत त्याने व्यक्त केली आहे. फळापेक्षा वेचण्याचा मोकळेपणा गमावणे त्याला अधिक गंभीर वाटत होते.

मेन राज्यातील वॉशिंग्टन कौंटीच्या माळांवर हा बदल ठळकपणे दिसतो. १८६० च्या दशकात, यादवी युद्धाच्या काळात, येथे ब्लूबेरी डबाबंद करण्याचा उद्योग वाढीस लागला. जोवर फळास दूरची बाजारपेठ नव्हती, तोवर माळावर कोण येतो-जातो याची मालकांना फिकीर नव्हती. डबाबंद फळास किंमत येताच माळ भाडेपट्ट्याने दिले जाऊ लागले आणि वेचणारे लोक मजूर झाले. आग लावून माळ राखण्याची मूळ रहिवाशांची पद्धत मात्र नव्या मालकांनी जशीच्या तशी उचलली. तंत्र शिल्लक राहिले, तंत्राचे जनक मजुरीवर आले.

या इतिहासास एक उत्तरार्धही आहे. पासामाक्वाडी, पेनॉबस्कॉट व मॅलिसीट समाजांच्या भूमिविषयक दाव्यांच्या निराकरणासाठी अमेरिकेत १९८० मध्ये कायदा झाला. त्यातून मिळालेल्या निधीचा वापर करून पासामाक्वाडी समाजाने १९८१ मध्ये कोलंबिया फॉल्स परिसरातील ब्लूबेरीचे माळ विकत घेतले आणि तेथे स्वतःचा व्यवसाय उभा केला. ज्या प्रदेशातील फळ त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या वेचत आले, तेथील माळ त्यांना पैसे मोजून घ्यावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

६. लागवडीचा प्रारंभ : कव्हिल, व्हाइट आणि पाइन बॅरन्सचे रहिवासी

ब्लूबेरी बागेत आणण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते, परंतु ते फसले. शेतकरी या झुडपास चांगली, चुना घातलेली, सकस जमीन देत आणि ते वाळून जाई. अमेरिकी कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कव्हिल (१८६७-१९३७) यांनी १९०६ पासून प्रयोग करून हे कोडे सोडवले. या वनस्पतीस आम्लधर्मी माती अत्यावश्यक आहे, हा त्यांचा निष्कर्ष १९१० च्या शासकीय पुस्तिकेत प्रसिद्ध झाला. सकस जमीन हे अपयशाचे कारण होते!

ही पुस्तिका न्यू जर्सीतील व्हाइट्सबॉग येथील एलिझाबेथ व्हाइट (१८७१-१९५४) यांच्या वाचनात आली. त्यांच्या वडिलांचा क्रॅनबेरीचा मोठा व्यवसाय होता आणि भोवतालच्या जंगलात उंच ब्लूबेरीची झुडपे होती. १९११ मध्ये त्यांनी कव्हिल यांना सहकार्य देऊ केले. उत्तम रानटी झुडपे शोधणे हे मुख्य काम होते. त्यासाठी व्हाइट यांनी परिसरातील वेचणाऱ्या लोकांना फळाचे आकारमान मोजण्याचे साधन दिले आणि ज्या झुडपाचे फळ किमान पाच अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर व्यासाचे असेल, ते दाखवणाऱ्यास मोबदला ठेवला. झुडपास ते शोधणाऱ्याचे नाव देण्याची प्रथा त्यांनी पाडली. रूब लीक या माणसाने दाखवलेल्या झुडपाचे नाव 'रूबेल' पडले. हे वाण आजही लागवडीत आहे. १९१६ मध्ये व्हाइट्सबॉगहून लागवडीखालील ब्लूबेरीचे पहिले व्यापारी पीक बाजारात गेले आणि १९२० मध्ये कव्हिल यांच्या संकरातून 'पायोनियर', 'कॅबट' व 'कॅथरीन' ही वाणे आली. आजच्या अनेक उंच वाणांच्या वंशावळीत ब्रुक्स, सूय व रूबेल या मूठभर रानटी झुडपांचा अंश वारंवार आढळतो.

ज्या लोकांनी ही झुडपे दाखवली ते न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स या वनप्रदेशातील गरीब रहिवासी होते. त्यांना तुच्छतेने 'पायनी' म्हटले जाई. नेमक्या याच वर्षांत सुप्रजननवादी अभ्यासक त्यांना उपजतच मतिमंद ठरवीत होते. हेन्री गॉडर्ड यांचे 'द कॅलिकॅक फॅमिली' हे पुढे अशास्त्रीय ठरलेले पुस्तक १९१२ चे, तर त्यांच्या सहकारी एलिझाबेथ काइट यांचा पायनींविषयीचा अहवाल १९१३ चा. म्हणजे ज्या काळात त्यांची बुद्धी सदोष असल्याचे छापले जात होते, त्याच काळात त्यांच्या निरीक्षणावर एका नव्या पिकाची उभारणी चालू होती. कोणत्या ओढ्याकाठी कोणते झुडूप मोठे व गोड फळ देते, हे ज्ञान ना कव्हिल यांच्या प्रयोगशाळेत होते ना व्हाइट यांच्या कचेरीत. व्हाइट यांनी या लोकांची बाजू जाहीरपणे घेतली, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. त्याच वेळी लुइस हाइन या छायाचित्रकाराने १९१० मध्ये व्हाइट्सबॉगच्या क्रॅनबेरी मळ्यांत काम करणारी लहान मुले टिपली होती आणि व्हाइट यांनी त्या टीकेचा प्रतिवाद केला होता, हेही विसरता येत नाही.

पायनींच्याही आधी या भूमीवर लेनापे समाज राहत होता. त्यांच्यासाठी १७५८ मध्ये याच बर्लिंग्टन कौंटीत ब्रदरटन ही राखीव वसाहत स्थापन झाली. ती १८०२ पर्यंत विकली गेली आणि तेथील रहिवासी न्यूयॉर्ककडे गेले. एका वाणास रूब लीकचे अर्धेमुर्धे का होईना नाव मिळाले. लेनापेंचे नाव मात्र कोणत्याही आरंभीच्या वाणास मिळाले नाही.

७. प्रयोगशाळेतील ब्लूबेरी

१९९० च्या दशकापर्यंत ब्लूबेरी हे एक रुचकर फळ होते. मफिन, पाय व मुरांबा हे त्याचे मुख्य उपयोग होते. रोनाल्ड प्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दशकात परीक्षानळीत फळांची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता मोजण्याची पद्धत वापरली. तीत ब्लूबेरी अग्रस्थानी आली. १९९९ मध्ये जेम्स जोसेफ व सहकाऱ्यांनी वृद्ध उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवडे ब्लूबेरीचा अर्क दिलेल्या उंदरांच्या हालचालींतील व स्मृतीतील वयोपरत्वे झालेली घट काही अंशी भरून आली. या दोन गोष्टींवर फळाची कीर्ती पसरली. त्यापूर्वीपासून बिलबेरीचा मुरांबा खाऊन ब्रिटिश वैमानिकांना दुसऱ्या महायुद्धात रात्री चांगले दिसे, ही कथाही प्रचलित होतीच. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपलब्ध चाचण्यांच्या आढाव्यात, काटेकोर चाचण्यांतून रात्रीची दृष्टी सुधारत असल्याचे दिसून आले नाही.

पुढील संशोधनाचे चित्र संमिश्र आहे. २०१० मधील एका चाचणीत इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणाऱ्या ३२ स्थूल व्यक्तींमध्ये सहा आठवड्यांच्या सेवनानंतर इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली. उलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११५ व्यक्तींवरील सहा महिन्यांच्या चाचणीत रोज एक कप ब्लूबेरीच्या सेवनाने रक्तवाहिन्यांची कार्यक्षमता सुधारली, परंतु इन्शुलिनविषयक लाभ दिसला नाही. अर्ध्या कपाचा तर रक्तवाहिन्यांवरही परिणाम आढळला नाही. अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारित २०१३ च्या अभ्यासात, आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा ब्लूबेरी वा स्ट्रॉबेरी खाणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी दिसले. अशा पाहणीतून सहसंबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. नियमित बेरी खाणाऱ्या व्यक्तीचे उत्पन्न, व्यायाम व एकंदर आहारही निराळा असू शकतो.

परीक्षानळीतील मापनाचे काय झाले, हे तर अधिक उद्बोधक आहे. अमेरिकी कृषी खात्याने प्रतिऑक्सिडीकारक मूल्यांची आपली सारणी २०१२ मध्ये काढून टाकली. या आकड्यांचा मानवी आरोग्याशी थेट संबंध दाखवता येत नसूनही उत्पादक जाहिरातीत त्यांचा गैरवापर करीत होते, असे कारण देण्यात आले. ब्लूबेरीतील निळा रंग देणारे अँथोसायनिन शरीरात मूळ रूपात अत्यल्प शोषले जाते. आतड्यातील जीवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून तयार होणारी संयुगे रक्तवाहिन्यांवर परिणाम करीत असावीत, असे आज मानले जाते.

आणखी दोन मुद्दे नोंदवणे आवश्यक आहे. चाचण्यांसाठी वापरली जाणारी पूड बहुधा शीतशुष्कनाने तयार केलेली असते. उन्हात व धुरावर सुकवलेल्या फळातील क जीवनसत्त्व व अँथोसायनिन यांचा बराच अंश नष्ट होतो. म्हणजे ह्यूरन घरातील हिवाळ्याचे फळ आणि प्रयोगशाळेतील फळ रासायनिक दृष्ट्याही एक नव्हे. दुसरे, २००० मध्ये स्थापन झालेली उत्पादकांची अमेरिकी परिषद संशोधनास अर्थसाहाय्य देते आणि २०१९ च्या उपरोक्त चाचणीसही ते होते. त्यामुळे निष्कर्ष आपोआप खोटे ठरत नाहीत. उलट त्याच चाचणीने प्रतिकूल निष्कर्षही प्रामाणिकपणे मांडला. परंतु जांभूळ, करवंद वा आवळा यांच्यामागे अशी परिषद उभी नसते, म्हणून कोणत्या फळाविषयी किती प्रश्न विचारले जातात हेही अर्थकारणावर ठरते. १०० ग्रॅम ताज्या ब्लूबेरीत सुमारे ५७ कॅलरी, २.४ ग्रॅम तंतू आणि १० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. तेवढ्याच पेरूच्या फळात क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. ब्लूबेरी हे चांगले फळ आहे, चमत्कार नव्हे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) उपलब्ध ऐतिहासिक साधनांत ब्लूबेरीचे फळ प्रामुख्याने हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न म्हणून दिसते. औषधी उपयोगाच्या बहुतेक नोंदी पाने, फुले व मुळे यांविषयी आहेत. आजाऱ्यास हे फळ देण्याचा सगारचा उल्लेख मोलाचा आहे, परंतु तो आहाराच्या कक्षेत येतो.

(२) मूळ अमेरिकी समाजांचे सर्वांत महत्त्वाचे ज्ञान आग, हंगाम व साठवण यांचे होते. हे ज्ञान उद्योगाने स्वीकारले, परंतु 'पारंपरिक ज्ञान' म्हणून त्याचा उल्लेख क्वचितच होतो. जाहिरातीस औषधाची आख्यायिका सोयीची असते, भूमीचा इतिहास गैरसोयीचा.

(३) लागवडीचे श्रेय कव्हिल व व्हाइट यांना यथार्थपणे दिले जाते. तथापि पाइन बॅरन्समधील वेचणाऱ्यांचे निरीक्षण हा त्या यशाचा तिसरा आधार होता.

(४) रक्तवाहिन्यांविषयीचे आधुनिक पुरावे आशादायक आहेत, इतर दावे अद्याप अनिश्चित आहेत. हे पुरावे स्वतःच्या बळावर उभे राहिले पाहिजेत. त्यांना परंपरेच्या टेकूची गरज नाही, आणि परंपरेलाही प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही.

आपल्या महाविद्यालयांतून रानभाज्या, रानफळे व वनौषधी यांवरील प्रकल्प मोठ्या संख्येने होत असतात. विद्यार्थी वनस्पतीचे नाव आणि 'उपयोग' असा तक्ता करून आणतात. ब्लूबेरीच्या इतिहासाने त्या तक्त्यास आणखी काही रकाने सुचवले आहेत : वनस्पतीचा कोणता अवयव, कोणत्या ऋतूत, कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याचा त्या रानावर आज कोणता हक्क उरला आहे? शेवटचा रकाना भरला नाही तर उपयोगांची यादी तयार होते, इतिहास तयार होत नाही.